तोगाशीसरांचा उजवा कान

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. लोक अजून म्हणतात, "नाही हो किमिएबाई, तशी कुणाचीच नव्हती." आमच्या हामासे गावाला जपून बोलायची खोडच आहे. कुणाच्या हातून ताटली पडली तर ताटलीच गुळगुळीत होती म्हणतील. पण कागदावर ते अक्षर लिहिलं मी, माझ्या हाताने. आणि त्या अक्षरापायी शिगे तोगाशी जसा घाबरला, तसा घाबरलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आता तो मुळातच घाबरट, हे मी त्याला सहाव्या वर्षापासून ओळखते म्हणून सांगते.

बँडमध्ये सगळे त्याला 'सर' म्हणतात. मी म्हणत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं म्हणून ज्याने रडून गोंधळ घातला, त्याला सर कुठल्या तोंडाने म्हणू? पुढे शाळेच्या बँडमध्ये त्याला क्लॅरिनेट मिळालं. मी अंगापिंडाने दांडगी, मला ट्युबा दिला, पितळेचा भलामोठा भोंगा. तो अजून माझ्या गळ्यात आहे. नवरा, लाँड्री आणि ट्युबा, तिन्ही गळ्यात.

शिगे लागला गावच्या पाणीखात्यात. रस्त्याखालच्या नळाला कुठे गळती लागली ते शोधायचं काम. एक लांब लोखंडी दांडी जमिनीला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकत राहायचं. छत्तीस वर्षं हेच केलं. तो "इथे खणा" म्हणाला की तिथेच पाणी लागायचं, हातभरसुद्धा इकडेतिकडे नाही. लग्न केलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही, दुसरं काय! विमावाला दारात आला तर हा आत दिवा मालवून बसायचा.

पण घरी बसून हा माणूस काय करायचा ते ऐका. टीव्हीवरचं, रेडिओवरचं गाजलेलं गाणं घ्यायचं आणि आमच्या बँडसाठी मांडायचं. गाणारा नाही, शब्द नाहीत, नुसते चाळीस फुंकणारे आणि चार ढोल बडवणारे. सूर लिहिलेले तयार कागद बाजारात मिळतात की, ढिगाने मिळतात. पण ते शंभर पोरांच्या शाळांसाठी केलेले. आमच्याकडे ओबो वाजवणारा नाही, बॅसून वाजवणारा नाही, आणि हॉर्नवाला बर्फ पडायला लागला की गुडघे दुखतात म्हणून येत नाही. शिगे माणूस बघून लिहायचा. मासळीबाजारातल्या सासाकीबाईंचा दम चार मात्रांत संपतो, म्हणून त्यांच्या फ्लूटला पाचव्या मात्रेवर विश्रांती. ओबोचे सूर क्लॅरिनेटच्या कागदावर बारीक टिंबांनी लिहिलेले, ज्याला जमेल त्याने घ्यावेत. एकदा तर एका प्रेमगीताचं अख्खं कडवं मला दिलं. ट्युबाला! जन्मभर बूंबूं सोडून काही वाजवलं नव्हतं मी. म्हणाला, "पुढे येऊन उभी राहून वाजव." लोक रडले हो. माझी सासूसुद्धा रडली, आणि ती काही कुणासाठी रडणारी बाई नव्हती. लिहायचाही तोच आणि समोर उभा राहून काठी हलवायचाही तोच. तीस वर्षं. त्या चौथऱ्यावर तेवढा तो घाबरत नसे.

तर मागच्या नोव्हेंबरात, आमच्या चाळिसाव्या वार्षिक कार्यक्रमाला बारा दिवस उरले असताना, सकाळी सकाळी त्याचा फोन आला.

"किमी, डाव्या कानात पाणी गेल्यासारखं झालंय."

"मग तंगडी उचलून उड्या मार."

"मारल्या. पाणी नाहीये."

त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. इस्त्री तशीच नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला गाडीत घालून अकिता शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरणे होते, भले होते. म्हणाले, कान अचानक जातो कधीकधी, कारण सापडत नाही. गोळ्या दिल्या. दोन आठवड्यांत परत आलं तर आलं. आणि डाव्याने जेवढं ऐकू येतंय तेही खरं नाही. सूर अर्धी पायरी खाली ऐकू येतोय. म्हणजे एकच सूर वाजला तर याला दोन ऐकू येणार, एक उजव्यात खरा, एक डाव्यात खोटा, आणि दोघांचं भांडण डोक्यात.

"आणि उजवा?" शिगेने विचारलं.

"उजवा उत्तम आहे. दुसऱ्या कानालाही होतं, पण फार क्वचित."

डॉक्टरांनी जोर दिला 'क्वचित'वर. शिगेने ऐकलं ते 'होतं'.

परतताना गाडीत म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. हातायामाला तर मुळीच नाही."

हातायामा म्हणजे आमचा पहिला ट्रम्पेट आणि बँडचा प्रमुख. पतपेढीत नोकरी करतो, चाळिशीचा आहे, शिस्तीचा. माणूस वाईट नाही, पण दोन वर्षांपूर्वी मिकामीआजोबांचे हात ट्रोम्बोनवर थरथरायला लागले, तेव्हा याने काय केलं? मोठा फुलांचा गुच्छ आणला, केक आणला, कमरेत वाकून म्हणाला, "आजोबा, आजवर खूप केलंत, आता आराम करा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मेली. आजोबा हसत हसत घरी गेले ते गेलेच. आमच्या तालमीच्या हॉलवरून जायला लागू नये म्हणून ते आता बंदराकडून वळसा घालून बाजारात जातात.

"मला गुच्छ नको, किमी," शिगे म्हणाला. मी गाडी हाकत राहिले. मलाही तोच गुच्छ दिसत होता.

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला फोन. आमच्याकडे तालमीआधी सगळे एका सुरावर वाद्यं जुळवतात. तो सूर देणारी विजेवरची छोटी डबी त्याच्या उशाशी असायची. उठल्याबरोबर डाव्या कानात कापूस घालायचा, डबी लावायची आणि उजव्याने ऐकायचं. मग मला सांगायचा, "उजव्यात एकच." की माझा जीव भांड्यात पडायचा. फोन वाजायच्या आधीच मी तिथे थंड फरशीवर उभी असायची. नवरा म्हणाला, "या वयात तुझं काय चाललंय त्याच्याशी?" म्हटलं, "गप बसा, कॉलर करपेल."

तालमीलाही तो डाव्यात कापूस घालून यायचा, वरून केस ओढून घ्यायचा. उजव्यावर निभावत होता. कुणाला पत्ता लागला नाही.

एक गाणं लिहायचं तेवढं राहिलं होतं. तेच सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या गावची गायिका रुरी आसाहिना, पंचवीस वर्षांपूर्वी हिचं 'बर्फाआधीचं पत्र' हे गाणं देशभर वाजलं होतं. नंतर दुसरं काही चाललं नाही, पण आमच्यासाठी रुरी ती रुरीच. चाळिसाव्या कार्यक्रमाला ती येऊन स्वतः पियानो वाजवत गाणार, मागे आमचा बँड. एरवी शिगे काय करायचा, टेप लावायचा, डोळे मिटायचा आणि पट्टीपासून शेवटच्या सुरापर्यंत सगळं कानाने उतरवून घ्यायचा. तीस वर्षांत त्याने कुणाला पट्टी विचारली नव्हती. या वेळी टेपला हात लावेना.

"अरे, उजवा आहे ना धडधाकट?"

"आहे. पण लावली आणि उजव्यातही दोन आले तर?"

"नाही येणार."

"तुला काय माहीत? चाल मला पाठ आहे. तू तेवढी तिला पट्टी विचार."

मी लाँड्रीतून फोन केला. रुरीबाई गोड बोलल्या. पट्टी विचारली तर म्हणाल्या, "बी." मी कपड्यांच्या चिठ्ठीमागे रोमन 'B' लिहिलं आणि संध्याकाळी शिगेच्या हातात दिलं. त्याने चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि तीन दिवसांत चाळीस जणांचे कागद लिहून काढले.

आता यात गोम काय ते सांगते. गाणीबजावणी करणारं बाकीचं जग 'बी' म्हणतं ती पेटीवरची पांढरी सात. पण आम्ही फुंकणारे, शाळेपासून आमच्या माथी जर्मन नावं मारलेली. तेच अक्षर आम्ही 'बे' वाचतो, आणि 'बे' म्हणजे काळी पाच. अर्धी पायरी खाली. पांढऱ्या सातला आम्ही 'हा' म्हणतो. रोज वाद्यं जुळवतो तीही त्या 'बे'वरच. त्यामुळे B दिसलं की आमच्या जिभेवर दुसरं काही येतच नाही. मी फोनवर कानाने 'बी' ऐकलं आणि हाताने 'बे' लिहिलं, आणि मला कळलंसुद्धा नाही. एरवी शिगेने टेप लावली असती आणि मला दोन शिव्या घातल्या असत्या.

शनिवारी दुपारी रंगीत तालीम. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. सकाळच्या फोनवर तो म्हणाला होता, "उजव्यात एकच," आणि पहिल्यांदाच आवाजात थोडी ऊब होती. रुरीबाई आल्या, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, पियानोवर बसल्या. शिगेने काठी उचलली.

पहिली आठ आवर्तनं नुसता बँड. झकास वाजलं. मग रुरीबाईंनी दोन्ही हात पियानोवर टाकले आणि गायला लागल्या.

देवा रे देवा! अंगावर सर्रकन काटा आला. दाताखाली खडा आला की कसं होतं, तसं सगळ्या हॉलभर झालं. आम्ही काळी पाचमध्ये, त्या पांढरी सातमध्ये. सासाकीबाईंचे डोळे फ्लूटच्या वर एवढे मोठे झाले. पण आमच्यात एक आहे, काठी थांबत नाही तोवर कुणी थांबत नाही. मग सूर चुको, ताल चुको, छत कोसळो, फुंकत राहायचं आणि काठीकडे बघायचं. चाळीस जण फुंकत होते आणि शिगेकडे बघत होते. रुरीबाईही बघत होत्या. पाहुण्या बिचाऱ्या, थांबायचं कसं, म्हणून त्याही गातच राहिल्या.

आणि काठी थांबेना.

मी बघितलं, त्याने डावा हात कानाकडे नेला. केस सारखे केल्यासारखं करून कापूस आत दाबला, घट्ट. क्षणभर मान तिरकी करून उजव्याने ऐकलं. आणि त्याच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं, ओठांपर्यंत. मग, मला आठवलं तरी आजही धस्स होतं, मग तो हसला. आमच्याकडे बघून हसला, मान डोलावली आणि मोठ्याने म्हणाला, "छान! असंच चालू द्या!"

मी हादरले. म्हटलं, संपलं. याला काही ऐकूच येत नाहीये. दोन्ही कान गेले. हातायामाने ट्रम्पेटआडून शेजाऱ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याने खाली पाहिलं. बाकीच्यांनाही तेच वाटलं असणार. मला त्या क्षणी गुच्छाचा वाससुद्धा आला. माझे हात घामाने भिजले, ट्युबाच्या चाव्यांवरून बोटं घसरायला लागली. तो हसतच होता आणि काठी हलवत होता, आणि डोळे मात्र, काय सांगू, गळ्याशी पाणी आलेल्या माणसाचे.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ऐकू येत नसतं तर त्याने कापूस दाबला कशाला असता? येतंय याला ऐकू. उजव्या कानाने दोन सूर ऐकू येतायत, आणि याला वाटतंय की उजवाही गेला. आणि लगेच दुसरं लक्षात आलं, बी. 'बी' म्हणाल्या होत्या त्या.

मी ट्युबा तोंडावरून काढला. कायदा मोडला. ट्युबा थांबला की बाकीच्यांचे पाय अधांतरी होतात. एकेक जण चाचपडत थांबला. पियानो दोन आवर्तनं एकटाच पुढे गेला आणि तोही थांबला.

"चूक माझी आहे!" मी ओरडले. "रुरीबाई, तुम्ही फोनवर बी म्हणालात ना? पांढरी सात?"

"हो, बी," त्या घाबरून म्हणाल्या. "माझी बोटं तेवढ्यातच चालतात."

"मी बे लिहून दिलं. आम्ही सगळे काळी पाचमध्ये वाजवतोय!"

आणि मग जो हशा पिकला! सुटल्यासारखे हसले सगळे. "किमिएबाई, कपड्यांच्या चिठ्ठ्याही अशाच लिहिता का? तरीच माझी पँट आखूड झाली!" हॉर्नवाला म्हणाला. हातायामाने लगेच तोडगा काढला. हॉलच्या कोठीत विजेवरचा पियानो होता, त्याला पट्टी वरखाली करायचं बटण असतं. दोघांनी तो उचलून आणला, रुरीबाईंनी बटण दाबलं, आणि त्यांच्या पांढऱ्या सातमधून काळी पाच वाजायला लागली. दोन मिनिटांचं काम.

शिगे हसत नव्हता. चौथऱ्यावर तसाच उभा होता.

"म्हणजे दोन होते?" त्याने विचारलं.

कुणाला कळलं नाही. हशा हळूहळू विरला.

"मघाशी. सूर दोन होते? खरंच दोन होते?" मग तो बोट दाखवून एकेकाला विचारायला लागला. "हातायामा, तुला दोन ऐकू आले?"

"हो, सर."

"सासाकीबाई?"

"दोन? अहो, मला तर चार आले. म्हटलं माझा फ्लूट चिरला."

"तुला? तुला? रुरीबाई, तुम्हाला?"

"हो सर," रुरीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, इथे असंच बसवलंय."

तो मटकन चौथऱ्यावरच बसला. डाव्या कानातला कापूस काढून हातात धरला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डावा गेलाय, अकरा दिवस झाले, येईल असं दिसत नाही, आणि उजव्याचा भरवसा वाटत नव्हता. मी काही बोलायला जाणार तर म्हणाला, "तू गप गं, किमी." मला गप म्हणणारा तो जन्मात पहिल्यांदा.

हातायामा उठून उभा राहिला. आता हा कमरेत वाकणार, आजवर खूप केलंत म्हणणार. मी ट्युबाला कवटाळून बसले. हा शब्द याच्या तोंडून निघाला तर ट्युबा याच्या डोक्यात घालायचा, असं ठरवलंसुद्धा होतं.

पण तो वाकला नाही. थोडा रागावलेलाच दिसला.

"सर, चूक तुम्हाला ऐकू आली होती. मग थांबवलं का नाहीत?"

शिगेने हातातला कापूस बोटांत चुरगळला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुम्ही सगळे बरोबर वाजवताय."

सासाकीबाईंनी तोंडावर रुमाल धरला. हातायामाने घसा खाकरला.

"उद्या असं झालं तर थांबवा," तो म्हणाला. "लोक समोर बसलेले असले तरी थांबवा." आणि खाली बसून त्याने ट्रम्पेट तोंडाला लावला.